ण पाण्यातला, ळ तळ्यातला

(वस्तीतल्या वाचनवर्गाच्या वर्षअखेरच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय.)



मला बोलावताना तुम्ही विषय दिला होता ‘वाचन आणि परिवर्तन’. विषय मोठा आहे. ज्यांचा पगार मोठा आहे त्यांनी त्याच्यावर बोलावं. मी लहान गोष्टीवर बोलणार आहे. गेल्या वर्षी सात डिसेंबरला मी ठरवलं, की एका वर्षात मराठीतली सगळी अक्षरं वाचायची. अ पासून ज्ञ पर्यंत. आठवड्याला एक अक्षर, त्या अक्षराचं एक पुस्तक. परवा सहा डिसेंबरला वर्ष भरलं. त्याचा हिशेब द्यायला उभा राहिलोय. मी गोदीतला माणूस. आम्हाला हिशेब देण्याची सवय असते, मागण्याची नसते. ती सवय मला या वर्षात कशी लागली, ते पण सांगतो.

सुरुवात कुठून झाली? शिवाजी पार्कातून. सहा डिसेंबरची रात्र तुम्हाला माहीतच आहे. चैत्यभूमीची रांग, अंगावर पांढरे कपडे, पायात गोळे, आणि मैदानावर पुस्तकांचे स्टॉल. दोन दिवसांचा शिधा बांधून आलेली गावाकडची बाई परतताना पिशवीत पुस्तक घालते. तिला स्वतःला वाचता येत नसतं, तरी घालते. नातू वाचेल म्हणून घालते. या देशात असा दुसरा मेळा मला कोणी दाखवावा. त्या रात्री मी पण चार पुस्तकं घेतली आणि घरी आलो. घरात आधीची नऊ पडून होती, एकही उघडलेलं नव्हतं. म्हणजे मी पण त्या बाईसारखाच. फरक एवढाच, की मला वाचता येत होतं. मग माझ्या पिशवीला काय अर्थ?

सकाळी भाची अंकलिपी घेऊन बसली होती. पहिलीत आहे. मोठ्यानं म्हणत होती. ग गणपतीचा. भ भटजीचा. य यज्ञाचा. ऋ ऋषीचा. क्ष क्षत्रियाचा. मी चहा पीत ऐकत होतो. बुद्धविहाराच्या भिंतीला लागून आमची खोली, आणि आमच्या खोलीत सकाळच्या पारी यज्ञ पेटलाय, ऋषी बसलाय, भटजी पोथी सोडतोय. मी पण हीच अंकलिपी म्हणत वाढलो. तुम्ही पण. बंदी कोणी घातली नाही आपल्याला, फक्त अक्षराला अक्षर चिकटवून दिलं. पुढे एका जागी ती अडली. म्हणाली, “मामा, ण चं चित्र बाण का? ण तर शेवटी आलाय. ण पहिला असलेलं चित्र का नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, “नसतं तसं.” दहा शब्द सुचतील म्हणून डोकं खाजवलं. एकही सुचला नाही. ण पासून मराठीत शब्दच सुरू होत नाही.

मला माझा आजा आठवला. महाड तालुक्यातून आलेला, गोदीत जन्म काढलेला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण खोक्यावरच्या खुणा त्याला सगळ्या यायच्या. काचेचा पेला काढला असेल तर माल फुटणारा. छत्री काढली असेल तर भिजू द्यायचा नाही. बाण काढला असेल तर बाणाची बाजू वर. पावसात छत्रीचं खोकं पाठीवर घेऊन आजा भिजत शेडपर्यंत पळायचा. खोक्यावर छत्री होती, आज्यावर नव्हती. तर बाण माझ्या आज्याला वाचता येत होता आणि बाणातला ण येत नव्हता. मला दोन्ही येत होते, आणि मी नऊ पुस्तकं न उघडता झोपत होतो.

त्याच दिवशी ठरवलं. मराठीची वर्णमाला मोजली. शासनानं २००९ साली ॲ आणि ऑ हे दोन स्वर आत घेतले, ते धरून बावन्न वर्ण होतात. वर्षाचे आठवडे पण बावन्न. म्हटलं, जमलं. सात डिसेंबरला अ सुरू करायचा, पाच डिसेंबरला ज्ञ संपवायचा.

नियम केले. पुस्तकाचं नाव त्या अक्षरानं सुरू झालं पाहिजे, नाही मिळालं तर लेखकाचं नाव किंवा आडनाव. विकत घेताना शंभर रुपयांच्या वर जायचं नाही, बाकी उसनं, वाचनालयातलं, रद्दीतलं. जाड पुस्तक असेल तर आदल्या आठवड्यापासून धरायचं. आणि शेवटचा नियम, भांडणाचा. पुस्तक आपल्या माणसाचं की त्यांच्या माणसाचं हे बघायचं नाही. अक्षर येईल ते वाचायचं.

या शेवटच्या नियमावरून आपल्याच पोरांनी मला धारेवर धरलं. ‘भटाची पुस्तकं वाचतोस काय?’ दुसऱ्या बाजूला एका वाचनालयात गेलो, उ पासूनची पुस्तकं मागितली, तर खुर्चीतला गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाला, “दलित साहित्य तिकडे, कोपऱ्यातल्या कपाटात.” मी दलित साहित्य मागितलंच नव्हतं. मी उ मागितला होता. माझं तोंड बघूनच त्यानं माझं कपाट ठरवलं.

म्हणून मी अक्षराला धरून बसलो. अक्षरांच्या रांगेत इंदिरा संतांच्या आधी-नंतर कोण यावं हे जन्मावर ठरत नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला, लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ला कोपऱ्यात पाठवता येत नाही. ते उ मध्ये येतात, वाटेत उभे राहतात, ओलांडून जाता येत नाही. एकाच वर्ण शब्दाचे दोन अर्थ आहेत. एका वर्णात माणसं वरखाली रचलेली आहेत, दुसऱ्या वर्णात अक्षरं शेजारी शेजारी उभी आहेत. मी दुसरा धरला.

आता हिशेब.

अ ला शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’, १९८४ चं. तीन रात्रींत संपलं आणि चौथ्या रात्री झोप आली नाही. इ ला हमीद दलवाईंचं ‘इंधन’. कोकणातलं गाव, आणि गावात आग कशी पेटते त्याची कादंबरी. मी कोकणातलाच, मला वाटायचं कोकण मला माहीत आहे. मोहल्ल्यातलं कोकण मला कुठे माहीत होतं? दलवाईंनी दाखवलं.

मग आला ऌ. हा तुम्ही पाहिला पण नसेल. या अक्षरानं मराठीत शब्द सुरू होत नाही. एका क्लृप्ती शब्दाच्या पोटात तो सापडतो, म्हणजे तो पण क्लृप्तीनंच आत आलाय. शेकडो वर्षं वर्णमालेत जागा धरून बसलाय. काम काही नाही, पण जागा पक्की. दोस्तांनो, त्याची गुणवत्ता कोणी विचारली का? परंपरेनं दिलेली जागा असली की गुणवत्ता विचारत नाहीत. घटनेनं दिलेली जागा असली की विचारतात. आणि योग असा, की ऌ चा आठवडा २६ जानेवारीला आला. पुस्तक नव्हतंच. मी घटनेची उद्देशिका वाचली, पाठ केली आणि कामावर गेलो.

ए ला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, १९८१ चं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला पोर शास्त्रज्ञ होतो. हे पुस्तक मी फेब्रुवारीत वाचलं, आणि एप्रिलमध्ये ग आला तेव्हा त्याची गाठ पुढे लागली. ग चा आठवडा कुठल्या तारखेला आला? चौदा एप्रिलला. मी ठरवून आणला नव्हता. ग ला जोतीरावांची ‘गुलामगिरी’, १८७३. पुस्तक उघडलं तर अर्पण कोणाला? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना. पुण्यात बसून फुल्यांनी समुद्रापलीकडे हात पुढे केला होता. आणि मी रोज समुद्राच्या काठावर काम करतो, माझ्यासमोर बाहेरदेशीची जहाजं लागतात. मला आजवर त्या जहाजांत फक्त माल दिसला होता.

ॲ ला बाबासाहेबांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. मराठी भाषांतर वाचलं, पण नाव मूळचं धरलं. आणि ऑ ला परत तेच, ‘ऑफ’ वरून. लबाडी केली, कबूल. पण ते एका वाचनात संपणारं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, ते भाषण आहे, आणि ते कधी झालंच नाही. लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं, मजकूर वाचला, घाबरले, अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी १९३६ साली ते स्वतःच्या खर्चानं छापलं. म्हणजे बोलू दिलं नाही, तर वाचायला दिलं. आज मी इथं उभा राहून बिनधास्त बोलतोय, त्याच्यामागे एक न झालेलं भाषण आहे.

अं ला कुमुद पावड्यांचं ‘अंतःस्फोट’. ज्या भाषेचा शब्द कानावर पडला तर आपल्याला शिक्षा सांगितली होती, ती संस्कृत भाषा ही बाई शिकली आणि प्राध्यापक होऊन शिकवू लागली. हे पुस्तक वीस मार्चच्या आठवड्यात वाचलं. महाडचं पाणी आणि संस्कृत, दोन्ही तळीच होती. दोन्हींवर पहारा होता.

ज ला दोन पुस्तकं समोर आली. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३. आणि बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, १९८६. मी दोन्ही वाचली. बागुलांच्या गोष्टीतला माणूस रेल्वेत नोकरीला लागतो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. आपल्यातल्या किती जणांनी खोली बघायला जाताना आडनाव गिळलंय, हात वर करू नका, मला माहीत आहे. बेबीताई फलटणला दुकानात बसायच्या आणि पुड्या बांधायच्या रद्दीतला कागद वाचायच्या. लिहिलेलं घरात लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. मी रात्रपाळीत मोबाईलवर रील बघत वेळ नाही म्हणायचो. त्या बाईनं पुडीचा कागद सोडला नाही.

छ ला जोतीरावांचा छत्रपती शिवाजीराजांवरचा पोवाडा, १८६९ चा. झ ला उत्तम बंडू तुप्यांचं ‘झुलवा’. थ ला अनिल बर्व्यांचं ‘थँक यू मिस्टर ग्लाड’. ध ला उद्धव शेळक्यांचं ‘धग’. ‘धग’मधली कौतिक मला माझ्या आईसारखी वाटली, आणि तिची जात माझी नव्हती. हे मला त्या शेवटच्या नियमानं दिलं. कोपऱ्यातलं कपाट धरून बसलो असतो तर कौतिक भेटली नसती. फ ला अण्णा भाऊंची ‘फकिरा’. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, आणि ती कादंबरी त्यानं बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

आणि ढ. ढ चं सांगतो. शाळेत एक मास्तर मला ढ म्हणायचे. हजेरीत नाव घ्यायचे नाहीत, ‘ढ आलाय का’ म्हणायचे. असं सांगतात, की ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली, ढ तेवढा होता तसाच राहिला, म्हणून न शिकणाऱ्या पोराला ढ म्हणतात. मी ढ पासूनचं पुस्तक शोधत होतो. पुस्तक नाही मिळालं. लेखक मिळाला. ढ ढसाळांचा! नामदेव ढसाळ, टॅक्सी चालवणारा कवी. ‘गोलपिठा’, १९७२. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि तेंडुलकरांसारख्या मोठ्या लेखकाला त्यातल्या शब्दांचे अर्थ विचारावे लागले. म्हणजे त्या वस्तीच्या शाळेत ढ कोण होता? त्या मास्तरांना मी आज भेटलो तर एवढंच सांगेन, सर, ढ आलाय.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, गडी भारी वाचतो. मला पण तसंच वाटायला लागलं होतं. छाती फुगली होती. गोदीत जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसायचो, बाकीचे पत्ते खेळायचे, मी त्यांच्याकडे वरून बघायचो. वरून! लक्षात घ्या. ज्या वरून बघण्यानं आपल्या सात पिढ्या चिरडल्या, ते वरून बघणं दहा महिन्यांत माझ्या डोळ्यांत आलं होतं.

मग आला र.

र ला विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ चं. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या देशातून पळालेली ज्यू माणसं. ज्यांना कुठल्याच बंदरात उतरू देत नाहीत अशी माणसं. मला वाटायचं अस्पृश्य आपणच. त्या पुस्तकात गोऱ्या कातडीचे अस्पृश्य भेटले. मी ते शेडच्या मागे वाचत बसलो होतो. शनिवार होता, पगाराचा. ठेकेदाराचा माणूस रजिस्टर घेऊन आला. आम्ही रांगेत. प्रत्येक जण पैसे घेतो, सही करतो नाही तर अंगठा देतो, पुढे जातो. मी गेली चार वर्षं अशीच सही करत होतो. पुस्तक काखेत होतं. सही करायला वाकलो आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी डोळे उतरून रजिस्टरवर गेले. वाचायची सवय लागली होती ना, साली कुठंही वाचते. रजिस्टरात रकाने होते. नाव. हजेरी. दर. रक्कम. सही. माझ्या नावासमोरची रक्कम मी वाचली. मग हातातले पैसे मोजले. हातातले कमी होते. थोडे नाही, आठवड्याला जवळजवळ दोन दिवसांची मजुरी कमी होती.

चार वर्षं, दोस्तांनो. चार वर्षं मी त्या रकान्याखाली सही करत होतो. मी कवी! माझ्या कविता छापून येतात. मी ‘गुलामगिरी’ वाचून डोळे पुसले. आणि माझ्या स्वतःच्या गुलामगिरीचा कागद दर शनिवारी माझ्यासमोर उघडा यायचा, तो मी वाचत नव्हतो.

मी म्हटलं, “इथं जास्त लिहिलंय.” तो म्हणाला, “सही कर. वाचत काय बसलास?” मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं वाचलं. माझी रक्कम, माझ्या पुढच्याची, मागच्याची. रांग थांबली. मुकादम हसत आला. “तू कवी ना रे? कविता वाच. हे वाचायचं नसतं.”

मी सही केली नाही. पैसे पण मिळाले नाहीत. सोमवारी गेटवर गेलो तर नाव यादीत नव्हतं. मंगळवारी नव्हतं. बारा दिवस नव्हतं. तुम्हाला क्रांतीची गोष्ट हवी असेल तर माझ्याकडे नाही. रांगेतल्या कोणीही माझ्यासाठी काम सोडलं नाही. मी कोणाला दोष देत नाही, त्यांच्या घरी पण चूल आहे. माझ्या आईनं बारा दिवस काही विचारलं नाही, फक्त भाजी बंद झाली आणि चटणी आली. तेराव्या दिवशी लोखंडाच्या कॉइलीचं जहाज लागलं, माणसं कमी पडली, मला बोलावणं आलं. थकलेले पैसे मिळाले. पण हातात येणारे आणि रकान्यातले अजून सारखे नाहीत. फरक कमी झालाय, मिटला नाही. खरं ते सांगतो.

एक गोष्ट मात्र झाली. आमच्या टोळीत एक काका आहेत. पन्नाशी उलटलेले. पोलादपूरकडचे. अंगठाबहाद्दर. ज्या शनिवारी मी सही नाकारली त्या शनिवारी त्यांनी माझ्या मागोमाग अंगठा दिला होता. मी परत कामावर आलो त्या दिवशी ते डबा घेऊन माझ्याजवळ बसले. पहिल्यांदाच. म्हणाले, “पोरा, मी अंगठा दिला. तुला राग आला असंल.” मी म्हटलं, “नाही काका.” ते म्हणाले, “आंगठ्याला डोळं नसत्यात रे. मला डोळं दे.”

आता मी तुम्हाला माझी लाज सांगतो. बावन्न अक्षरांतली सहा अशी, की त्यांच्यापासून शब्दच नाही. ऌ, अः, ङ, ञ, ण, ळ. आणखी पाचांना, म्हणजे ऊ, ऋ, औ, ठ, ष यांना माझ्या ऐपतीत पुस्तक मिळालं नाही. एकूण अकरा आठवडे रिकामे. त्यातल्या आधीच्या नऊ आठवड्यांत मी काय केलं? ऌ ला उद्देशिका वाचली तेवढी. बाकी सुट्टी. पिक्चर बघितले, झोपलो. अक्षराला शब्द नाही, तर त्याचं मला काय? अंकलिपीनं शिकवलं तेच मी केलं. जो पुढे उभा नाही तो मोजायचा नाही.

काकांनी डोळं मागितलं त्यानंतर ष चा आठवडा आला, ऑक्टोबरच्या शेवटी. त्या आठवड्यात मी पुस्तक घेतलं नाही. खडू घेतला. शेडची मागची भिंत घेतली. मी काकांना म्हटलं, आधी तुमचं नाव शिकवतो, सही येईल. काका म्हणाले, “नाव नंतर. आधी त्यो रकाना शिकव.” म्हणून पहिला शब्द ‘रक्कम’. र, मग क ला क जोडून, मग म. हुकाला सरावलेला हात, खडू मोडायचा. सात खडू मोडले. मग आकडे. आकडे त्यांना तोंडी येत होतेच, बाजारात कोण फसवणार? फक्त तोंडातले आकडे कागदावर ओळखायचे होते. ते चार दिवसांत आले. गोदीतल्या माणसाला खुणा वाचता येतात हो, आपणच त्याला अडाणी म्हणतो.

नोव्हेंबरच्या मध्यात ळ चा आठवडा आला. त्या आठवड्यात एक दिवस काका म्हणाले, “आता मला पाणी लिवून दाव.” मी विचारलं, “पाणी का?” म्हणाले, “माझा आजा सत्तावीस साली तळ्यावर गेलता. घरात सांगत्यात. खरं-खोटं म्हाईत न्हाई. पर गेलता म्हणत्यात.” मी भिंतीवर लिहिलं, पाणी. मग लिहिलं, तळं. आणि माझा हात भिंतीवरच थांबला.

पाणी या शब्दात ण आहे. तळं या शब्दात ळ आहे.

भाचीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर होतं. ण पुढे उभा राहत नाही, पण त्याच्याशिवाय पाणी लिहिता येत नाही. ळ पासून एक शब्द सुरू होत नाही, पण त्याच्याशिवाय तळं नाही, शाळा नाही, फळा नाही, चळवळ नाही. ङ ला कोणी विचारत नाही, वाङ्मय हा शब्द त्याच्याशिवाय उभा राहत नाही. ञ तर कुणाला लिहिताही येत नाही, आणि ज्ञ फोडला तर आत ज आणि ञ निघतात. म्हणजे ज्ञानाच्या पहिल्याच अक्षरात तो वाकून उभा आहे, वरचं कोणाला दिसतं, खालचा दिसत नाही. ही बिनपुस्तकाची अक्षरं मी सुट्टी समजून झोपेत घालवली होती. आमच्या टोळीतली माणसं, पत्ते खेळणारी, ज्यांच्याकडे मी वरून बघत होतो, ती हीच अक्षरं होती. जहाजावर नाव मालकाचं असतं, पण माल यांच्याशिवाय हलत नाही.

काकांनी पाणी लिहिलं. ण ची दांडी वाकडी आली. खडू हातात धरून बराच वेळ बघत उभे राहिले. मग खिशातली बाटली काढली, पाणी प्यायले आणि कामाला गेले. काही बोलले नाहीत.

शेवटी ज्ञ. लोकांनी सांगितलं, ज्ञ ला ‘ज्ञानेश्वरी’ घे. मोठं पुस्तक आहे, तेही वाचणार आहे, नियम म्हणजे नियम. पण या वर्षीचा ज्ञ मी दुसरा घेतला. ‘ज्ञानोदय’. ते पुस्तक नव्हे, मिशनऱ्यांचं नियतकालिक. त्यात १८५५ साली एका मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे. मांग समाजाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं तिनं. धर्माची पुस्तकं जर ब्राह्मणांचीच असतील तर आमच्या धर्माचं पुस्तक कुठलं, असं तिनं उघड विचारलं. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, डोक्यावर छप्पर नसतं, ते लिहिलं. तो निबंध आज एका पुस्तिकेत मिळतो, दहा मिनिटांत वाचून होतो. मी तो आठवडाभर वाचला. तिला अक्षर येऊन असे किती दिवस झाले असतील? तीन वर्षं? अक्षर आल्याबरोबर तिनं ते कुणाच्या कामाला लावलं बघा. स्वतःचं नाव गिरवत बसली नाही. मला अक्षर येऊन वीस वर्षं झाली होती.

तर हिशेब असा. बावन्न अक्षरं. एक्केचाळीसांचं वाचून झालं. अकरा रिकामी गेली, त्यातली दोन काकांनी भरली. खर्च, पुस्तकांचे अठराशे चाळीस रुपये, खडूचे वीस, आणि बारा दिवसांची मजुरी. जमा काय ते मी रुपयांत सांगू शकत नाही. गेल्या दोन शनिवारी रजिस्टर आलं तेव्हा काकांनी अंगठा देण्याआधी बोट रकान्यावर फिरवलं आणि रक्कम मोठ्यानं वाचली. ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी जहाजाकडे बघत होतो.

या सात डिसेंबरला मी पुन्हा अ पासून सुरू केलंय. या वेळी नियम बदललाय. पुस्तक मी एकटा वाचणार नाही, जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचणार आहे. पत्ते बंद करायला कोणाला सांगितलेलं नाही. खेळता खेळता ऐकतात. परवा पत्ते पिसता पिसता एकानं विचारलं, “मग त्या बाईचं पुढं काय झालं?” तेवढं मला पुरे.

तुमच्यातल्या प्रत्येकानं बावन्न पुस्तकं वाचावीत असा माझा आग्रह नाही. कारकुनी करणारे आहेत, कॉलेजला जाणारे आहेत, बिगारी करणारे आहेत, ज्याचा त्याचा वेळ. मी एकच मागतो. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातली, तुमच्या जिन्याखालची, तुमच्या कामावरची ण आणि ळ कोण ते बघा. ज्याच्या नावानं पुस्तक निघत नाही असा माणूस. त्याला विचारा, तुला पहिला शब्द कुठला लिहायचाय. आपण आपला शब्द त्याच्यावर लादू नका, त्याचा त्याला मागू द्या. मी नाव शिकवायला गेलो होतो, काकांनी रकाना मागितला. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

भाचीच्या अंकलिपीवर मी पेनानं खाडाखोड केलीय. बाई रागावल्या तर मी शाळेत जाईन. ढ ढसाळांचा. फ फकिराचा. म मुक्ताचा. आणि बाणाच्या चित्राखाली लिहिलंय, ण पाण्यातला.

जयभीम.